पोराला रागवायचं कुठल्या भाषेत?

पत्र

ताई,

मी मूळची मिरजेची. लग्नाआधी शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवायचे. नवरा जर्मन. तो पुण्यात कंपनीच्या कामावर असताना ओळख झाली, दोन्ही घरांनी थोडी कुरकुर करून होकार दिला आणि पाच वर्षांपूर्वी मी इथे, स्टुटगार्टपासून तासभरावरच्या एका गावात आले. मुलगा पावणेचार वर्षांचा आहे, किटामध्ये म्हणजे इथल्या बालवाडीत जातो.

माझं जर्मन बी-१ पर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, झालंय. दुकानात, बसमध्ये चालून जातं. पण किटातल्या बाई भराभरा आणि इथल्या गावठी ढंगात बोलतात. मी समोर उभी असले तरी नवऱ्याकडे बघून बोलतात. डॉक्टरांकडेही तेच. नवरा म्हणतो, ‘राहू दे, मी करतो, पटकन होईल.’ मुलगा दोन वर्षांचा असताना किटात सांगितलं, ‘घरी जर्मन जास्त बोला.’ तेव्हापासून मी त्याच्याशी माझ्या मोडक्या जर्मनमध्येच बोलते. आता तोच माझ्या चुका काढतो. गेल्या आठवड्यात किटाच्या दारात सगळ्यांसमोर म्हणाला, ‘आई, तू नको बोलूस, बाबा बोलेल.’

सासूबाई स्वभावाने चांगल्या आहेत, पण मी हाताने भरवते, कुशीत घेऊन झोपवते, रोज अंघोळ घालते हे त्यांना पटत नाही. त्या त्याला पावसात चिखलात खेळायला नेतात, मला धडकी भरते. मिरजेहून आई रोज व्हिडिओवर म्हणते, ‘किती वाळलाय, टोपी का नाही घातलीस?’ मध्यंतरी सुपरमार्केटमध्ये त्याने जमिनीवर लोळण घेतली, तेव्हा मी एक धपाटा घातला. एक बाई माझ्या अंगावर ओरडली. तेव्हापासून युगेंडआम्टचे, म्हणजे इथल्या बालकल्याण खात्याचे, लोक येऊन मुलाला घेऊन जातील, ही भीती बसलीय. पहाटे तीनला जाग येते. साठ पोरांचा वर्ग मी नजरेने गप्प करायचे आणि इथे एक पोर सांभाळता येत नाही. मी आई म्हणून कमी पडते का?

ता. क. उन्हाळ्यात आईला तीन महिने बोलवायचा विचार आहे. बोलवू का?

— एक मिरजकर

उत्तर

नाही, कमी पडत नाहीस. पण एवढं वाचून तुला घटकाभर बरं वाटेल आणि उद्या सकाळी किटाच्या दारात पुन्हा तेच होईल. म्हणून तिथे थांबत नाही.

तुझ्या पत्रातली कामं मी एका कागदावर लिहून काढली. किटातल्या बाईंशी बोलणं नवऱ्याकडे. डॉक्टर नवऱ्याकडे. फॉर्म, फोन, ईमेल यांचा उल्लेखच नाही, म्हणजे तेही त्याच्याकडेच असणार. मोकळी हवा आणि चिखल सासूबाईंकडे. वजन आणि टोपी मिरजेच्या आजीकडे. तुझ्या वाट्याला उरलं भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं, आणि नेमक्या त्याच तीन गोष्टींवर टीका. अशा वाटणीत कुठल्याही बाईला वाटेल की आपल्याला काही जमत नाही.

आई म्हणून कमी पडते का, असं विचारतेस, म्हणजे तुझा आत्मविश्वास हरवलाय आणि तू तो मनात शोधतेस. मी म्हणते, तो कामाच्या वाटणीत शोध. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘हे मला जमेल’ या भावनेवर जो सिद्धान्त मांडला, त्यात ती भावना कुठून येते याचे चार स्रोत सांगितले: स्वतः केलेलं आणि जमलेलं काम, आपल्यासारख्या दुसऱ्या कुणाला जमताना पाहणं, इतरांचं उत्तेजन, आणि आपल्या शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यात सगळ्यांत जोरदार पहिला. मिरजेत वर्गावर तुझी पकड होती ती काही जन्मजात नव्हती. पहिल्या वर्षी पोरांनी तुला छळलंच असेल. रोज त्या वर्गात जाऊन उभी राहिलीस म्हणून पुढे नजर पुरायला लागली. इथे पहिल्याच वर्षी तुझा वर्ग दुसऱ्याने घेतला, प्रेमाने घेतला, आणि तो अजून त्याच्याकडेच आहे.

आता भाषेकडे येते, कारण माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक तिथे झाली आहे आणि ती तुझी नाही.

तुला घरी जर्मन बोलायला सांगणाऱ्या बाईंचा हेतू चांगला असेल, सल्ला वाईट होता. परिणाम असा की मुलाला जर्मन शिकवायला बाबा, आजी, किटा, शेजार आणि सगळं गाव असताना, त्याची आई त्याच्याशी तिला सगळ्यांत कमी येणाऱ्या भाषेत बोलायला लागली. तुझं प्रेम, तुझी थट्टा, तुझा दरारा सगळं बी-१ च्या पातळीवर आलं. मुलं हट्टाला पेटली की त्यांना आवरायला नियमापेक्षा सूर लागतो, आणि सूर मातृभाषेतच लागतो. सुपरमार्केटमध्ये काय झालं असेल ते मला इथे बसून दिसतंय. तू मनातल्या मनात वाक्य जुळवत होतीस, क्रियापद शेवटी टाकत होतीस, तोवर पोराने तिसरी लोळण घेतली होती. मग हात उठला. तेव्हा तू मराठीत, खालच्या आवाजात ‘उठ. आत्ता उठ’ एवढंच म्हणाली असतीस तर कदाचित तो उठला नसता. पण तुझा तोल गेला नसता.

म्हणून पहिलं काम: मुलाशी मराठी. रागवायचं मराठीत, लाड मराठीत, पडला तर फुंकर मराठीत.

घरी दुसरी भाषा बोलल्याने मुलाचं बोलणं मागे पडतं, ही समजूत अभ्यासकांनी केव्हाच मोडीत काढली आहे. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे एका भाषेतले शब्द त्या वयाला थोडे कमी भरू शकतात, पण दोन्ही भाषांतले एकत्र मोजले की हिशेब जुळतो. एका वाक्यात दोन्ही भाषा मिसळणंही नेहमीचंच. तू स्वतः ‘बस पकडून ऑफिसला लेट झाले’ म्हणतेसच की.

हेही सांगते, की मराठी आपोआप टिकणार नाही. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात अनिक द हाउवर या संशोधिकेने सुमारे १,९०० कुटुंबांची पाहणी केली होती, ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. घरात कानावर दोन भाषा पडूनही दर चारांतलं साधारण एक मूल घरची अल्पसंख्य भाषा बोलतच नव्हतं. आईबाप दोघेही ती भाषा बोलतात तिथे ती जास्त टिकते. तुझ्या घरी ती बोलणारी तू एकटी. त्यामुळे तू बोलशील तेवढीच मराठी त्याला मिळणार.

पावणेदोन वर्षांची सवय एका रात्रीत उलटवू नकोस, पोर बिथरेल. अंघोळ, रात्रीचं जेवण आणि झोप या तीन वेळा आधी घे, कारण त्या तुझ्याच आहेत. तो जर्मनमध्ये उत्तर देईल. देऊ दे. ‘मराठीत बोल, तरच देईन’ असली सक्ती नको आणि कळलंच नाही असं सोंगही नको, कारण तुला जर्मन कळतं हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तो जे म्हणाला तेच मराठीत परत म्हणून बोलणं पुढे ने. ‘असं नको बोलूस’ म्हणून तो चिडेल, कान झाकून घेईल, पहिले काही आठवडे कंटाळवाणे जातील. टिकून राहा. चिऊकाऊच्या गोष्टीत कावळ्याचं शेणाचं घर वाहून गेलं की कुठल्याही देशातलं पोर हसतं.

जेवणाच्या टेबलावर सासूबाई बसलेल्या असताना मराठी बोलणं तुला उद्धटपणाचं वाटेल. तेव्हा मुलाशी मराठीत बोल आणि लगेच एका वाक्यात त्यांना जर्मनमध्ये सांग की तो आणखी भात मागतोय. कशाबद्दल बोलणं चाललंय हे कळलं की बहुतेक माणसांना परक्या भाषेचा त्रास होत नाही. आणि नवऱ्याला म्हणावं, पुण्यात राहून गेलास, आता पोराबरोबर तूही शीक.

‘तू नको बोलूस, बाबा बोलेल’ हे वाक्य तुला फार लागलंय. लागणारच. पण पावणेचार वर्षांचं मूल आईचा अपमान करायला असं बोलत नाही. कोण कुठल्या माणसाशी कुठल्या भाषेत बोलतं याची नोंद मुलं फार लवकर ठेवायला लागतात, आणि तुमच्या घरातली नोंद अशी आहे की किटाच्या दारात बाबा बोलतो. त्याने घरचा नियम मोठ्याने सांगितला, इतकंच. नियम बदला, वाक्य बदलेल. त्याने तुझं व्याकरण सुधारलं तर ‘बरं झालं सांगितलंस’ म्हण आणि पुढे बोल. शिक्षिका होतीस, फळ्यावरची चूक दाखवणाऱ्या पोराला तू काय म्हणायचीस?

आता नियम कसा बदलायचा. दोन प्रसंग निवडते, बाकी सगळं सध्या आहे तसं राहू दे.

एक, यू-८. ती पिवळी वही काढ, जिच्यात जन्मापासूनच्या तपासण्या लिहिलेल्या असतात. यू-८ ही तपासणी ४६ ते ४८ व्या महिन्यांत होते. तुझा मुलगा आत्ता ४५ च्या आसपास असणार. यात नजर, कान, हालचाल आणि बोलणं पाहतात. अपॉइंटमेंट तू घे. फोनवर धडधडत असेल तर दवाखान्यात जाऊन समोरासमोर घे. तपासणीला तू आणि मुलगा, दोघंच जा. फार तर नवरा बाहेर बसेल. आदल्या रात्री तीन प्रश्न जर्मनमध्ये लिहून ने, आणि पहिलं वाक्य पाठ करून जा: ‘मी हळू जर्मन बोलते, कृपया माझ्याशी बोला.’ डॉक्टरांना आठवणीने सांग, की तो घरी मराठीही ऐकतो. दोन भाषांच्या मुलाचं बोलणं एका भाषेवरून मोजलं तर अंदाज चुकतो, म्हणून ही माहिती त्यांना हवीच असते. आणि ती सगळ्यांत नीट देऊ शकणारं माणूस त्या घरात एकच आहे. तो मराठीतली किती वाक्यं समजतो हे बाबाला कसं कळणार?

दुसरा, किटातली प्रगतीची बैठक. साधारण वर्षातून एकदा होते आणि ठरवून बोलावतात, म्हणजे दारातल्या घाईसारखी नसते. आधी ईमेल कर (मजकूर नवऱ्याने तपासला तर हरकत नाही, पाठवायचा तुझ्या नावाने) की मला हळू आणि साध्या जर्मनमध्ये बोललेलं कळतं, मुद्दे आधी लिहून पाठवले तर बरं होईल. बऱ्याच शहरांत अशा बैठकांसाठी दुभाषे मिळतात. मराठी मिळणं कठीण, हिंदी किंवा इंग्रजी मिळू शकेल. विचारायला काही लाज नाही. तुझ्या जर्मनपेक्षा त्यांच्या गावठी ढंगाचा अडथळा मोठा असणार. स्टुटगार्टच्या आजूबाजूचं ते श्वेबिश उत्तरेकडून आलेल्या जर्मनांनाही पहिल्या झटक्यात झेपत नाही, हे नवऱ्याला विचारून खात्री करून घे.

जमलं तर त्याच बैठकीत एक गोष्ट देऊ कर. आठवड्यातून एकदा अर्धा तास चार-पाच मुलांना घेऊन फाशांचा किंवा मोजणीचा खेळ घेते, म्हणून सांग. फाशावरचे ठिपके मोजायला बी-१ भरपूर होतं. मुलं हाताळायची कला तुझ्याकडे त्या इमारतीतल्या कुणाहून कमी नाही, फक्त त्यांनी ती पाहिलेली नाही. तुझ्या मुलानेही पाहिलेली नाही.

पुढचा परिच्छेद नवऱ्यासाठी आहे. त्याला वाचून दाखव, जर्मन करून.

तुम्ही भला माणूस आहात, पत्रातून ते कळतं. पण ‘मी करतो, पटकन होईल’ या वाक्याने पाच वर्षांत तुमचा थोडा वेळ वाचला आणि बायकोचं फार नुकसान झालं. किटातल्या बाई तुमच्याकडे बघून बोलायला लागल्या, की तुम्ही तुमच्या बायकोकडे बघा आणि गप्प राहा. शांतता अवघड वाटेल, ती भरून काढू नका. ती अडली आणि तिने तुमच्याकडे पाहिलं, तरच शब्द पुरवा, पूर्ण वाक्य नको. तुमची आई मुलाच्या सवयींबद्दल काही बोलली तर उत्तर तुम्ही द्या, आणि ते ‘तिच्या देशात असं करतात’ असं नको. ‘आम्ही दोघांनी असं ठरवलंय’ असं द्या. पहिल्या उत्तरात तुमची बायको पाहुणी ठरते.

आता कुणाचं काय बरोबर. माझी मतं सरळ सांगते, सगळीच तुझ्या बाजूची नाहीत.

चिखल आणि पाऊस: सासूबाई बरोबर. सर्दी विषाणूमुळे होते, चिखलामुळे नाही. वॉटरप्रूफ विजार, गमबूट आणि आत कोरडे कपडे असले की झालं. एकदा तूही गमबूट घालून बरोबर जा; तुझी धडकी तो खिडकीतून दिसत नसल्याची आहे.

रोजची अंघोळ: पाण्यात जरा वेळ खेळला तर कुणाचं काही बिघडत नाही. हिवाळ्यात हीटरने कातडी कोरडी पडते, तेव्हा पाणी कोमट, साबण कमी, तेल हवं तेवढं. यावर याहून जास्त चर्चा नको.

हाताने भरवणं: इथे मी अर्धी त्यांच्या बाजूला आहे. पावणेचार वर्षांच्या मुलाने स्वतःच्या हाताने जेवायला हवं, किटात तो जेवतोच. आणि पोट भरलं हे त्याचं त्याला कळू दे. मिरजेच्या व्हिडिओसाठी शेवटचे चार घास कोंबू नकोस. वाळलाय की नाही हे पिवळ्या वहीतली वजन-उंचीची रेघ सांगेल. पण वरणभाताचा पहिला घास आईच्या हातचा, यात मला काही गैर दिसत नाही, आणि तो कुणाला समजावून सांगायचीही गरज नाही.

कुशीत झोपवणं: वर्षाच्या आतल्या बाळासाठी तिकडचे डॉक्टर ‘आईबापांच्या खोलीत पण वेगळ्या पलंगावर, उशी-पांघरुणाशिवाय, झोपायच्या पिशवीत’ असं सांगतात, आणि ते सुरक्षिततेसाठी आहे, दुसरं मूल झालं तर ते पाळ. या वयात तसा प्रश्न उरत नाही. राहतो तो तुम्हा नवरा-बायकोचा प्रश्न. तुम्हा दोघांना चालत असेल तर झोपू दे. नवऱ्याला चालत नसेल आणि तो बोलत नसेल, तर विचार.

धपाटा: नाही. इथे मी पूर्णपणे त्या ओरडणाऱ्या बाईच्या बाजूला आहे, तिच्या ओरडण्याच्या नव्हे. जर्मनीत २००० सालापासून मुलाला मारहाणीविना वाढण्याचा कायदेशीर हक्क आहे, त्यात ‘एक धपाटा’ही बसत नाही. आपण सगळे धपाटे खाऊन मोठे झालो, हे खरं. त्याने आपलं भलं झालं याचा पुरावा मला अजून कुणी दिलेला नाही. पुन्हा हात उठतोय असं वाटलं की सामानाची गाडी तिथेच सोड, पोराला उचल आणि बाहेर पड. दूध उद्या मिळेल.

त्यातून आलेली युगेंडआम्टची भीती मात्र कमी करायला हवी. परदेशी भारतीयांच्या ग्रुपांवर मुलं काढून नेल्याच्या बातम्या फिरतात. अशी प्रकरणं घडलेली आहेत, त्यात कुटुंबांचे हाल झाले आहेत, त्यामुळे भीती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. पण एका धपाट्याचं आणि मूल काढून नेण्याचं अंतर फार मोठं आहे. तातडीचा धोका सोडला तर आईबापांच्या मनाविरुद्ध असा निर्णय कौटुंबिक न्यायालय घेतं, कार्यालयातला कारकून नव्हे. त्या खात्याचं रोजचं काम पालकांना मदत करण्याचं असतं. पालकांसाठी समुपदेशन केंद्रं असतात, तिथे फी नसते आणि बोललेलं बाहेर जात नाही. ‘मुलगा हट्ट करतो तेव्हा काय करू’ हे विचारायला तिथे जाणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे. जर्मन आयाही जातात.

भीतीच्या तळाशी आणखी एक असते, ती तू लिहिलेली नाहीस, पण लग्न करून परदेशी गेलेल्या बऱ्याच जणींच्या मनात मी ती पाहिली आहे: उद्या काही बिनसलं तर मूल त्यांचं आणि मी परत मिरजेला. म्हणून लिहून ठेवते. लग्नात जन्मलेल्या मुलावर आईचा आणि बापाचा हक्क तिथे सारखाच असतो. जर्मनीत नवरा-बायको म्हणून तीन वर्षं एकत्र राहिल्यावर तुझ्या राहण्याच्या परवान्याला स्वतंत्र पाया मिळतो. आणि मुलगा जर्मन नागरिक असेल, तर त्याचं पालकत्व सांभाळणारी आई म्हणूनही तुला तिथे राहण्याचा हक्क आहे. तुझा संसार चांगला चालला आहे, देव करो चालत राहो. पण आपण पाहुणे नाही हे कागदावर वाचलेलं असलं की टेबलावर पाठ ताठ राहते.

बांडुरांच्या यादीतला दुसरा स्रोत, आपल्यासारखीला जमताना पाहणं, तुझ्या गावात मिळणं अवघड दिसतं. बर्लिनच्या नॉयक्योल्न भागात २००४ पासून परदेशी मुळाच्या आयांनाच प्रशिक्षण देऊन दुसऱ्या आयांच्या घरी पाठवतात. किटा कसं चालतं, डॉक्टरांशी काय बोलायचं, हे त्या त्यांच्याच भाषेत सांगतात. गळ्यातल्या लाल स्कार्फवरून ओळखू येतात. दक्षिण कोरियात व्हिएतनाम, चीन, फिलिपिन्समधून लग्न करून आलेल्या बायकांची संख्या इतकी वाढली, की २००८ मध्ये अशा कुटुंबांसाठी वेगळा कायदा झाला. गावोगावच्या केंद्रांतून घरी येऊन भाषा शिकवतात, मूल वाढवायला मदत करतात. तिथल्या सुनांचीही तक्रार तुझ्यासारखीच असते: सासूची भाषा येत नाही आणि आपली भाषा पोराला शिकवू दिली जात नाही. मग पुढे तिथे आईच्या भाषेलाही घरात जागा द्यायला शिकवणारे वर्ग सुरू झाले. हे सांगायचं कारण एवढंच, की ज्या अडचणीसाठी सरकारं कायदे करतात, ती तुझ्या स्वभावातली खोट नसते.

तुझ्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यातही २००८ पासून पालकांच्या वर्गांना सरकारी पैसा मिळतो. गावातल्या फोक्सहोखशूलेत (प्रौढांसाठीच्या शिक्षण केंद्रात) किंवा कुटुंब केंद्रात चौकशी कर. मोठ्या शहरांत मराठी मंडळंही आहेत. महिन्यातून एकदा ट्रेनने जाऊन आलीस तरी तुझ्या मुलाला दिसेल की मराठी ही फक्त आईची सवय नाही, ती बोलणारी दुसरी पोरंही असतात. त्या वयात याचा असर मोठा. पण भारतीय आयांच्या ज्या ग्रुपात रोज नवी भीती पसरवली जाते तो बंद ठेव.

मिरजेच्या आईचं आणि सासूबाईंचं दुखणं एकच आहे: नातू. दोघींना रोजचा अहवाल देणं थांबव. आईचा व्हिडिओ कॉल आठवड्यातून तीनदा, आणि त्यात नातवाची तपासणी नको, गोष्ट असू दे. आजीने गोष्ट सांगायची, त्याने ऐकायची. त्याच्या मराठीला ते वरणभातापेक्षा जास्त मानवेल.

पहाटे तीनची जाग मात्र मी वाटणीच्या खात्यावर टाकणार नाही. रोज होत असेल, रडू येत असेल, दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर घरच्या डॉक्टरांकडे जा आणि हेच सांग. तो आजार असू शकतो, आणि त्याचा इलाज वेगळा आहे.

आता ताजा कलम. आईला बोलव, पण तीन महिने एकदम नको. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, म्हणून लोक पूर्ण नव्वद वसूल करायला बघतात. तुझी मराठी आणि किटातली नवी घडी नुकतीच बसत असताना आई आली, तर पहिल्या आठवड्यात भरवणं, न्हाणं, झोपवणं तिच्याकडे जाईल आणि तुझ्याकडे काहीच उरणार नाही. सहा आठवडे पुरेत, आणि ते किटाच्या सुट्टीच्या आसपास ठेव, म्हणजे तिला नातू दिवसभर मिळेल. आल्याबरोबर स्पष्ट सांग की झोपवायचं काम माझं. तिला आणि सासूबाईंना एक दिवस एकत्र स्वयंपाकाला लाव, दुभाषी तू किंवा तुझा मुलगा. व्हिसासाठी निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. खर्चाची हमी तुमच्याकडून द्यायची असेल तर तिकडच्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून हमीपत्र घ्यावं लागतं. उत्पन्नाचे कागद नवऱ्याचे असतील तर सहीसाठी त्याला यावं लागेल. तारीख तू माग, आणि खिडकीपाशी आधी तू बोल.